चोविसाव्या हिश्शातली एसटी

अहिल्यानगर

प्रिय पहिल्या एसटीस,



1 जून 1948, मंगळवार. त्या दिवशी पुणे-नगर रस्त्यावर तू धावलीस आणि राज्य परिवहनाची सुरुवात झाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. बेडफर्डची चासी, वर लाकडी बॉडी, बसायला काथ्याच्या गाद्या, अंग निळं आणि टप चंदेरी. एवढी माहिती नगरमधलं शाळकरी पोरही सांगेल, आणि अभिमानानं सांगेल. माझं मात्र तेवढ्यानं भागत नाही. मला तुझ्या खिडकीची उंची हवी, मडगार्डचा बाक हवा, पायरी जमिनीपासून किती वर होती ते हवं, दाराच्या चौकटीची जाडी हवी. कारण मला तुला बांधायचं आहे. एक इंचाला दोन फूट या हिशेबानं, म्हणजे चोविसाव्या हिश्शात, चाकांपासून टपापर्यंत.

मी प्रमाणबद्ध गाड्या बांधतो आणि रंगवतो. माझ्यासारखे लोक महाराष्ट्रात विखुरलेले आहेत. दिवसभर नोकरी-धंदा करायचा आणि रात्री जेवणं आटोपली की टेबलावरचा दिवा लावून बसायचं. किटचा डबा उघडला की आतून प्लास्टिकच्या चौकटी निघतात, त्यांना बारीक देठांनी भाग लगडलेले असतात. ते कापायचे, देठाची खूण घासून काढायची, एकमेकांना जुळवून बघायचे आणि मग चिकटवायचे. हा चिकटवायचा द्रव म्हणजे रूढ अर्थानं गोंद नाही. तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन भाग एकमेकांत वितळून बसतात आणि द्रव उडून गेला की जोड अंगभूत झालेला असतो. घाईनं जास्त लावला तर दारावर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. इंजिनाचे दोन अर्धे जोडल्यावर मधली फट लांबीनं भरायची, पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. हे काम डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये चालतं तसंच आहे. माप लहान, म्हणून चूक मोठी दिसते, इतकाच फरक.

घरी आलेला पाहुणा याला खेळणं म्हणतो. त्याचा राग येऊ नये, कारण सरकारी दप्तरही हेच म्हणतं. आयात मालाच्या यादीत प्रमाणबद्ध मॉडेल आणि बाहुल्या 9503 या एकाच शीर्षकाखाली येतात. त्या शीर्षकावरचं मूळ सीमाशुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. देशातल्या खेळणी-उद्योगाला आधार मिळावा हा हेतू होता आणि तो मला पटतो. पण या शौकाचे किट आपल्याकडे जवळजवळ सगळेच बाहेरून येतात. मग पॉकेटमनीतून पहिली गाडी घेऊ पाहणारा मुलगा दुकानातूनच परत फिरतो. रंगांची वेगळीच अडचण. लॅकर आणि थिनर ज्वलनशील असल्यामुळे साध्या विमानटपालानं येत नाहीत. म्हणून आमच्यातले पुष्कळजण सरळ गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जातात. तिथला माणूस मोटारीचा रंग डोळ्यांदेखत मिसळून देतो. या लोकांकडून मी जितकं शिकलो तितकं कुठल्याही छापील पत्रकातून शिकलो नाही.

तू रस्त्यावर आलीस त्याच 1948 साली अमेरिकेत एएमटी नावाची कंपनी निघाली. मोटारविक्रेत्यांच्या काउंटरवर ठेवायला ती नव्या गाड्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती बनवायची. गिऱ्हाइकानं रंग बघावा, पोरानं हट्ट धरावा आणि बापानं मोठी गाडी घ्यावी, असा तो व्यवहार होता. त्यातूनच पुढे पोरांनी स्वतः जोडायचे मोटारींचे किट आले. जपानमध्ये शिझुओका गावात लाकडाच्या वखारीपासून सुरू झालेली तामिया 1960 मध्ये प्लास्टिकच्या किटांकडे वळली, आणि आज या शौकातला निम्मा शब्दसंग्रह तिच्या डब्यांवरून आलेला आहे. या देशांनी आपल्या रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक गाडी लहान करून जपली. तुझ्या विलायतेतल्या बहिणीचंच बघ. बेडफर्डची ओबी ही बसची चासी 1939 मध्ये निघाली. त्या ओबीची प्रतिकृती कॉर्गी कंपनीनं पन्नासाव्या हिश्शात काढली आणि ऑक्सफर्ड कंपनीनं शहात्तराव्या. इंग्लंडातल्या लहानसहान गावांच्या बस कंपन्यांचे रंग आणि नावं त्या प्रतिकृतींवर आहेत. एखाद्या तालुक्याएवढ्या परगण्यातली बस तिथल्या म्हाताऱ्याच्या शोकेसमध्ये उभी असते. तुझ्या नावाचा किट मात्र कुठल्याच कंपनीच्या यादीत नाही. ज्या सेवेवर महाराष्ट्राची खेडी शाळेत गेली, दवाखान्यात गेली, लग्नाला आणि मर्तिकाला गेली, तिच्या पहिल्या गाडीला डब्यात जागा मिळालेली नाही. हे मला लागतं, म्हणून हे पत्र.

नगरमध्ये राहणाऱ्या मॉडेलकाराचं एक भाग्य आहे, तेही सांगतो. इथलं रणगाडा संग्रहालय. लष्कराच्या आर्मर्ड कोअरनं ते फेब्रुवारी 1994 मध्ये उघडलं. जवळपास 50 वाहनं तिथे उघड्यावर मांडलेली आहेत. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर चढवलेली चिलखती गाडी आहे, ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल आहेत, जपानी ची-हा आहे, जर्मन 88 मिलिमीटरची तोफ आहे, आपला विजयंता आहे. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, ची-हा, ती तोफ, या सगळ्यांचे पस्तिसाव्या हिश्शातले किट तामियानं काढलेले आहेत. लंडनचा किंवा टोकियोचा मॉडेलकार ज्यांच्यासाठी पुस्तकं धुंडाळतो, त्या वस्तूंसमोर नगरचा माणूस सायकलवरून जाऊन उभा राहू शकतो. ओतीव पोलादाच्या बुरुजाचा खरबरीतपणा नुसत्या फोटोतून समजत नाही. उन्हात त्याच्या अगदी जवळ उभं राहिलं की कळतं, आणि मग घरी प्लास्टिकच्या गुळगुळीत बुरुजावर पातळ केलेली लांबी ब्रशनं थोपटून तसाच पोत आणता येतो. मी हे केलेलं आहे आणि त्यासारखा आनंद थोडा.

रणगाडे राखले गेले, हे उत्तम झालं. माझी मागणी एवढीच, की त्याच गावातली त्याच तोलाची दुसरी गोष्ट म्हणजे तू, आणि तुझ्याकडेही त्याच नजरेनं बघावं.

मराठी मुलाला लहान जग बांधायला शिकवावं लागत नाही. दिवाळी आली की अंगणात दगड-विटा रचून, त्यावर पोती टाकून, चिखल थापून तो किल्ला करतोच. अळीव पेरून जंगल उभं करतो, तळं करतो, भुयार काढतो. पण त्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि एक मावळा अख्खा बुरूज झाकतो. भक्तीच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, महाराज मोठेच हवेत. तरी मला वाटतं, दहा-बारा वर्षांच्या मुलाला एकदा सांगून बघावं, की मावळा दोन इंचांचा आहे ना, मग दरवाजा किती उंच हवा ते तूच काढ. तो त्रैराशिक मांडतो, पट्टी घेतो आणि त्याला एक नवीच गोष्ट दिसते. जग लहान करायचं तर सगळ्यांना एकाच आकड्यानं भागावं लागतं, राजाला आणि दगडालाही. आमचा सगळा शौक या एका भागाकारावर उभा आहे.

आता तुझ्याकडे वळतो.

चासीपासून सुरुवात. एमहार या ब्रिटिश कंपनीनं बेडफर्डच्या ओ मालिकेतल्या ट्रकचा चोविसाव्या हिश्शातला किट काढलेला आहे. ट्रक असला तरी नाक तुझंच आहे. तेच गोलसर बॉनेट, तीच समोरची जाळी, तेच फुगीर मडगार्ड, आत तेच साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. पण ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 157 इंच, आणि ओबी बसच्या चासीचं 174. फरक 17 इंचांचा. चोविसानं भागलं तर 18 मिलिमीटर होतात. म्हणजे किटच्या चासीचे दोन्ही लांब दांडे मधोमध कापून त्यात 18 मिलिमीटरचा तुकडा घालायचा, आणि इंजिनापासून मागच्या आसापर्यंत जाणारा शाफ्टही तेवढाच लांबवायचा. दांडे कापताना दोन्हींचा काप एका रेषेत आला नाही तर गाडी टेबलावर ठेवल्यावर एक चाक अधांतरी राहतं. त्यासाठी काचेच्या तुकड्यावर चौकट ठेवून, चारी चाकं काचेला टेकलेली असतानाच जोड सुकू द्यावा लागतो. खऱ्या चासीवर बॉडी बांधणारे कारागीर ओळंबा लावत, तसलंच हे काम.

मग लाकूड. तुझी बॉडी लाकडाची, तेव्हा सागाचे पातळ काप आणून बांधावं असं कुणालाही वाटेल. पण तसं करून चालत नाही. सागाचे रेषे चोविसाव्या हिश्शात दोरखंडाएवढे दिसतात, बस बांधलेली नाही तर ओंडका कोरलेला वाटतो. बाल्साही ठिसूळ आणि त्याची छिद्रं मोठी. बारीक, एकसारख्या पोताचं हेदूचं लाकूड घ्यावं, नाहीतर सरळ प्लास्टिकच्या पत्र्यावर सुईनं रेषा ओढून, मातकट रंगावर तपकिरी तैलरंग जवळजवळ कोरड्या ब्रशनं पुसून रेषे रंगवावेत. काथ्याचंही तेच. खरा काथ्या माझ्या हाताशी आहे, पण त्याचा 0.3 मिलिमीटरचा तंतू चोवीसपट केला तर सात मिलिमीटरचा सुंभ होतो. केवटे मास्तरांच्या उतारूंना सुंभावर बसवायचं नाही. म्हणून काथ्या बाजूला ठेवायचा, सुती कापडाचा कात्रीनं बारीक केलेला भुगा गादीच्या आकारावर चिकटवायचा आणि काथ्याच्या रंगानं रंगवायचा. या शौकात मला सर्वांत मोह घालणारी गोष्ट हीच. खरी वस्तू लहान जगात खोटी पडते आणि तिच्या जागी जे ठेवायचं ते शोधताना त्या वस्तूकडे आपण पहिल्यांदा नीट बघतो. काथ्या किती जाड असतो, याचा विचार मी तुझ्यामुळे केला.

राऊत आणि केवटे यांनाही घडवायचं आहे. साडेपाच फुटांचा माणूस या हिशेबानं पावणेतीन इंचांचा. चेहरे ओळखू येतील असा दावा मी करणार नाही. उभं राहण्याची ढब, खाकी कपड्यांच्या चुण्या आणि दारातल्या दांड्यावरची हाताची पकड साधली तरी पुरे. त्या दिवशी वाटेतल्या गावांमध्ये लोकांनी तुझं स्वागत केलं, असं केवटे सांगत असत. म्हणून बॉनेटवर हार हवा. हाराची फुलं म्हणजे रंगीत कागदातून सुईच्या टोकाएवढ्या पाडलेल्या टिकल्या. एकेक चिमट्यानं दोऱ्यावर बसवायची.

रंगाबद्दल मात्र सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण गाडी रंगातच जिंकते किंवा हरते.

नगर अवर्षणप्रवण भागात आहे. हवा कोरडी, ही रंगवणाऱ्यासाठी कृपाच. कोकणात पावसाळ्यात लॅकर मारला तर हवेतली ओल त्यात अडकून वर दुधट साय धरते. इथे ते क्वचित होतं. आमचा वैरी म्हणजे धूळ आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारी एअरब्रश धरला तर रंगाचा थेंब गाडीपर्यंत पोचण्याआधीच हवेत वाळतो आणि टपावर रवाळ पडतो. तेव्हा काम पहाटे. वारा सुटायच्या आत, पंखा बंद ठेवून, फरशीवर पाण्याचा हबका मारून. धूळ बसते, खोलीही थोडी निवते. कंप्रेसरचा दाब पंधरा-वीस पौंडांवर, रंग दुधाइतका पातळ, आणि हात गाडीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवायचा. गाडीवरच सुरू केला तर तिथे ओघळ ठरलेला.

चंदेरी टप आधी. चंदेरी रंग फार चहाडखोर असतो, खालची प्रत्येक खरबड तो उघडी पाडतो. म्हणून प्रायमर, त्यावर बारीक घासणं, त्यावर चकचकीत काळा आणि तो पूर्ण कडक झाल्यावरच चंदेरीचे झिरझिरीत हात. काळा खाली असला की धातूला खोली येते. मग टपाला मास्किंग टेप. इथे एक युक्ती आहे. टेप लावल्यावर लगेच निळा मारायचा नाही. आधी टेपच्या कडेवर पुन्हा चंदेरीचाच एक फवारा द्यायचा. टेपखाली झिरपायचं ते चंदेरीच झिरपतं, कड बुजते आणि त्यावर मारलेल्या निळ्याची रेघ काढल्यासारखी सरळ येते. टेप काढताना तो स्वतःवरच दुमडून, संथपणे, कोनात ओढायचा. सगळ्या कामात श्वास रोखावा असा क्षण असेल तर हा.

आणि निळा कोणता? तुझ्या काळातले फोटो कृष्णधवल. त्यांवरून रंग काढताना फार जपावं लागतं. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, तो काळा उमटतो, आणि निळ्याला ती जास्त संवेदनशील असल्यामुळे निळा फिका पडतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच निळा पुष्कळ गडद येऊ शकतो. म्हणजे एकच बस दोन फोटोंमध्ये दोन रंगांची वाटेल. शिवाय लहान वस्तूवर खऱ्या गाडीचाच रंग जसाच्या तसा लावला तर तो जड दिसतो. हातभर अंतरावरची चोविसाव्या हिश्शातली बस म्हणजे डोळ्याला दहा-पंधरा पावलांवरची खरी बस, आणि मधली हवा रंग थोडा उतरवते. म्हणून निळ्यात पांढऱ्याचे चार थेंब टाकायचे, हे नक्की. उरलेलं एखाद्या जुन्या माणसाच्या आठवणीवर सोपवायचं. त्याच्यापुढे निळ्याचे पाच-सहा तुकडे मांडायचे आणि तो ज्यावर बोट ठेवेल तो घ्यायचा. या एका बाबतीत यंत्रापेक्षा माणसाच्या डोळ्यावर माझा विश्वास आहे.

शेवटी धूळ. 1 जूनला पाऊस यायचा असतो, रस्ता कोरडा ठणठणीत. कामरगावचा घाट चढून, सुपे ओलांडून शिरूरपर्यंत गेलेली गाडी मागच्या चाकांपासून खिडकीखालपर्यंत मातकट झालेली असणार. त्याच रस्त्याकडेची माती आणून, वस्त्रगाळ करून, थिनरमध्ये कालवून ती मडगार्डच्या आत आणि पायरीवर बसवायची. टपावर आणि बॉनेटवर नाही. नव्या गाडीचा पहिला दिवस आहे, तिची झळाळी मातीखाली पुरणं मला मान्य नाही. हल्ली मॉडेलांवर गंज आणि चिखल इतका चढवतात, की प्रत्येक गाडी भंगारातून काढल्यासारखी दिसते. त्यात कौशल्य असतं, पण तू अशी दिसू नयेस.

आता ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी दोन शब्द तुझ्याच पत्रात लिहितो.

दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत एसटीनं वर्षानुवर्षं बॉडी बांधल्या. बॉडी बांधायची म्हणजे नकाशा लागतोच. जुन्या गाड्यांचे जेवढे नकाशे सापडतील तेवढे महामंडळानं स्कॅन करून सर्वांना खुले करावेत. बेडफर्डपासून टाटा-लेलँडच्या लाल गाड्यांपर्यंत, महाबळेश्वरला जाणाऱ्या नीलकमल आणि गिरीआरोहिणीपासून एशियाडपर्यंत. गावोगाव मुलं सनबोर्ड आणि पुठ्ठा कापून एसटी बनवतात, खिडक्या मोजून, पाटीवर आपल्या आगाराचं नाव घालून. नजरेच्या अंदाजावर त्यांची इतकी मजल जाते. त्यांच्या हातात खरी मापं पडली तर काय होईल, याची मला मोठी उत्सुकता आहे. त्या मुलांना मी माझे धाकटे सहकारी मानतो. किटमधून मुस्टँग जोडणाऱ्या माझ्यासारख्यापेक्षा त्यांचं काम अवघड आहे, कारण त्यांच्या डब्यात काहीच नसतं.

1 जून 2022 ला तुझ्याच पुणे-नगर मार्गावर शिवाई ही विजेवरची बस सुरू झाली. ती आज समोर उभी आहे. तिची उंची, दारं, चाकं, रंगाचा क्रमांक, सगळं आत्ता टेप लावून लिहून घेता येतं. आम्ही काही नगरकर ते करायला तयार आहोत, परवानगी तेवढी हवी.

आणि तुझं मॉडेल पुरं झालं की ते माझ्या कपाटात राहू नये, नगरच्या माळीवाडा स्थानकात काचेच्या पेटीत ठेवावं, अशी विनंती मी रीतसर अर्जानं करणार आहे. शेजारी कापाचा नकाशा टांगलेला असावा, खऱ्या मापातला आणि चोविसाव्या हिश्शातला, म्हणजे गाडीची वाट बघत बसलेल्या मुलाला तो उतरवून घेता येईल. वहीच्या पानावर बसत नसेल तर बहात्तराव्या हिश्शात करावा. त्यात तुझी पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून 61 मिलिमीटरवर येतात.

चासीचे दांडे कापून झाले आहेत. पुढच्या आठवड्यात जोड घेतो.

तुझा,
माळीवाड्याजवळ राहणारा एक मॉडेलकार